नावड्याचं एक नंबर दुकान

निषाद आणि ईरा,

तुमच्या आईने परवा फोनवर विचारलं, "आई, या वयात एकटी तीन दिवस नवी मुंबईत काय करत होतीस?" मी म्हटलं, मुलांना लिहून कळवते, तूही वाच. आता घाईने लिहायला बसले आहे, कारण तिथे ऐकलेली वाक्यं अजून जशीच्या तशी कानात आहेत. महिनाभर थांबले तर ती मला माझ्या सोयीने आठवायला लागतील.

ईरा, तुला मागचं ठाऊक नाही, म्हणून थोडक्यात सांगते. तुझे आजोबा घरी आल्याची बियर करायचे. आलं, लिंबू, साखर आणि यीस्ट घालून फसफसणारं सरबत म्हण. कधी व्हिनेगर करायचे, कधी मधाचं काहीतरी. त्यासाठी मोठ्या काचेच्या बरण्या, रबरी नळ्या, बुचं असं बरंच सामान लागतं. आम्ही नेरुळला राहत होतो तेव्हा त्या सामानाच्या दुकानांत मी त्यांच्याबरोबर वीस वर्षं हिंडले. ते गेल्यावर मी साताऱ्याला तुमच्या मावशीकडे आले आणि बरण्यांत डाळी भरल्या.

निषादने गेल्या वर्षी तिकडे परदेशातून इंटरनेटवर एक पान सुरू केलं. जगभरातले त्याच्यासारखे हौशी लोक आपापल्या गावातल्या अशा दुकानांची नावं तिथे टाकतात, गुण देतात, म्हणजे लोक मोठ्या कंपन्यांकडून न मागवता जवळच्या दुकानात जातील. "आज्जी, नवी मुंबईचं कोणीच नाही, तूच भर," तो म्हणाला. मला चार दुकानं माहीत होती. प्रत्येकापुढे एक चौकोन होता, त्यावर 'रेटिंग' लिहिलं होतं. आमच्या कॉन्व्हेंटमधल्या मदर ज्या मुलीवर खूश असत तिला 'फर्स्ट रेट' म्हणत. 'सेकंड रेट' म्हणजे सुमार. मी नीट विचार करून सर्वांत चांगल्या दुकानापुढे एक लिहिला, मग दोन, मग तीन, आणि जे मला फारसं आवडलं नव्हतं त्यापुढे चार. खाली माझं नाव आणि गाव लिहिलं, 'मालती आजी, सातारा'. काम नेटकं झालं असं वाटलं.

आठ महिन्यांनी निषादचा फोन आला. "आज्जी, नावड्याच्या भोईरांचं तू इतकं कौतुक करतेस, मग त्यांना पाचपैकी एक का दिलास?"

"एक म्हणजे पहिला."

तो आधी हसला, मग त्याने सांगितलं की तिथे एक म्हणजे सर्वांत वाईट. त्याने माझे आकडे त्याच दिवशी काढले. पण आठ महिने ते तिथे होते. भोईरांचं दुकान कसं चाललं आहे हे मला बघायचं होतं, आणि माझ्यामुळे काही बिघडलं असेल तर तोंडावर माफी मागायची होती. नेरुळच्या जुन्या शेजारणीला कळवलं, दोन साड्या पिशवीत घातल्या आणि निघाले.

ऐरोली

पहिल्या दिवशी मी मुद्दाम ऐरोलीला गेले. खरं सांगायचं तर नावड्याला जायचा धीर होत नव्हता. वाशीच्या दुकानात आता मोबाईलची कव्हरं मिळतात, आणि बेलापूरच्या गृहस्थांनी फोनवर सांगितलं की त्यांनी ते पान पाहिलेलंही नाही. राहिलं ऐरोली, मी नेरुळ सोडलं त्या सुमारास नुकतंच उघडलेलं. त्याला मी चार दिले होते, म्हणजे चौघांत चौथा नंबर.

दुकान एका नव्या इमारतीच्या तळमजल्यावर आहे. दुपारची सुट्टी होती. गळ्यात ओळखपत्रं अडकवलेली मुलं-मुली आत उभी राहून बाटल्या हाताळत होती. सगळं चकचकीत, प्रत्येक डब्यावर छापील चिठ्ठी. चालवणारी मुलगी प्रज्ञा. तिचे वडील जालन्याहून इथे कारकून म्हणून आले आणि तिने नोकरी सोडून हे दुकान काढलं, हे तिने मला पहिल्या दहा मिनिटांत सांगितलं. साताऱ्यात दुकानदार आधी बसायला सांगतो आणि तुमची माहिती काढतो. इथे दुकानदार स्वतःचीच सांगून मोकळा होतो.

"काय बघताय मॅडम?"

"बूच आहे का? मोठ्या बरणीचं."

"कॉर्क नाही ठेवत हो आपण. साइजचं टेन्शन असतं. ही क्लिपवाली बॉटल घ्या ना, मस्त आहे."

तेवढ्यात माझं लक्ष गल्ल्यामागच्या भिंतीकडे गेलं. तिथे एक चौकट होती. आत छापलेलं होतं, '४/५. मालती आजी, सातारा'. मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

"या मालती आजी कोण?" मी विचारलं.

"काय माहीत. कधीतरी येऊन गेल्या असतील. पण आमच्यासाठी देवच. नवीन होतो ना आम्ही, आणि अख्ख्या नवी मुंबईत टॉपला."

मी म्हटलं, ती मीच. ती बाहेर आली आणि भर दुकानात वाकून माझ्या पाया पडली. गिऱ्हाइकं बघत होती. तिने मला स्टुलावर बसवलं, आंबवलेल्या चहाचा पेला हातात दिला. तो आंबटगोड होता, चांगला होता. तिच्या दुकानाला मी सर्वांत खाली ठेवलं होतं हे सांगायला माझी जीभ रेटेना. आणि मग तीच आपणहून म्हणाली, "खारघरचे दोन-तीन ग्रुप आहेत, ते आधी नावड्याला जायचे. पान बघून इकडे वळले. तसं वाईट वाटतं त्या काकांचं. पण एक मिळालाय म्हणजे काहीतरी असेलच ना आजी."

"काही नव्हतं," मी म्हटलं.

पण तिला कोणीतरी यीस्ट मागितलं आणि ती उठून गेली. तिचा काही दोष नाही. मी पेला संपवला, नको असलेली एक क्लिपवाली बाटली घेतली आणि नेरुळला परत आले. त्या दिवशी आणखी काही बघायची इच्छा उरली नाही.

नावडे

दुसऱ्या दिवशी सकाळी रिक्षावाल्याला 'नावडे' म्हटलं आणि त्याने मला नावडे कॉलनीत सोडलं. आजोबांबरोबर असताना रस्ता शोधायचं काम त्यांच्याकडे होतं, त्यामुळे गाव वेगळं आणि कॉलनी वेगळी हे माझ्या लक्षातच राहिलं नव्हतं. अर्धा तास मी एकसारख्या दिसणाऱ्या इमारतींमधून फिरले. शेवटी एका औषधवाल्याने विचारलं, "काचवाले भोईर का? ते गावात, मावशी. इकडे नाय. चालत जाऊ नका, ट्रक जाम असतात." मी चालतच गेले. तळोज्याच्या कारखान्यांचा वास अजून तसाच आहे, नाकाला आधी टोचतो आणि मग त्याची सवय होते.

तुम्हाला त्या दुकानाबद्दल सांगते. भोईरशेठ तरुणपणी तळोज्याच्या एका कारखान्यात प्रयोगशाळेत मदतनीस होते. पुढे त्यांनी कारखान्यांना काचसामान आणि रबरी नळ्या विकायचं दुकान काढलं. आजोबांसारखे लोक तिथे कसे पोचले कोण जाणे, पण पोचले. वाइन करणारेही यायचे, फक्त तो शब्द कोणी उच्चारायचं नाही. त्या दुकानात सगळे जण 'लोणचं' घालायचे. "कसला लोणचा?" शेठ गंभीर चेहऱ्याने विचारायचे, आणि बँकेतले साहेबसुद्धा तितक्याच गंभीरपणे सांगायचे, "द्राक्षाचं."

त्यांची खरी कला बुचाची. त्यांच्याकडे बुचाला भोक पाडायच्या पितळी नळ्या होत्या, एकात एक बसणाऱ्या. बरणीच्या तोंडावर बोट फिरवून ते बूच निवडायचे, तासायचे, मग त्याला रबरी नळीपुरतं नेमकं भोक पाडायचे. आजोबांच्या एका बरणीचं तोंड वाकडं होतं. सगळ्यांनी ती टाकून द्यायला सांगितली. शेठनी दोन दिवस ठेवून घेतली आणि असं बूच बसवून दिलं की पुढे अकरा वर्षं त्यातून हवा गेली नाही. मी त्यांना पहिला नंबर दिला तो या कारणासाठी.

दुकानाचं शटर खाली होतं. कुलपावर गंज होता. वर जुनी पाटी, 'भोईर काच व रबर सामान', आणि तिच्याखाली नव्या तांबड्या रंगात, '१ नंबर दुकान. परदेशातून पसंती'.

क्षणभर वाटलं, कोणी चेष्टा केली आहे. अक्षरं मात्र मोठी आणि हौसेने काढलेली होती, एकाखाली सावली दिली होती. मी पाटीखाली उभी होते तेव्हा शेजारच्या घराच्या ओट्यावरून एका बाईंनी हाक मारली, "कोन पायजे?"

"भोईरशेठ आहेत का?"

"ते गेले. चार महिने झाले." त्या मला निरखून बघत होत्या. "तुमी लोणच्यावाल्या का?"

"हो."

"या मंग. उनात उभ्या राहू नका."

त्या शेठच्या पत्नी, सुमनताई. एवढ्या वर्षांत मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी पंख्याखाली खुर्ची ठेवली, पाणी दिलं, आणि मी काही बोलायच्या आत तव्यावर भाकरी टाकली. "मावरा खाता ना?" मी हो म्हटलं, मासे मला आवडतात. साताऱ्यात आम्ही ज्वारीची भाकरी हातावर थापतो आणि ती जाड असते. ही तांदळाची, पांढरी आणि रुमालासारखी मऊ, बरोबर जवळ्याची चटणी. दुसरा घास हातात असताना मी म्हटलं, "सुमनताई, मी मालती. साताऱ्याची. त्या पानावर तुमच्या दुकानाला एक लिहिणारी मीच."

त्यांचा परातीतला हात थांबला.

"जेवा आधी," त्या म्हणाल्या. "जेवताना नाय बोलाचा."

मी जेवले. घास गिळणं अवघड होतं, पण पानात टाकणं त्याहून वाईट झालं असतं. हात धुतल्यावर त्या माझ्यासमोर जमिनीवर बसल्या. मीही खुर्चीवरून खाली उतरून बसले.

"ह्यांनी तो एक बघला नि गावभर सांगितला," त्या म्हणाल्या. "बोलले, मॅडमनी एक नंबर दिला, तो पन परदेशाच्या पानावर. पेंटर बोलावला. गिऱ्हाईक आला का मोबाईल पुढं करायचे. बघा बोलायचे, एक नंबर. लोक बघायचे नि गप व्हायचे. तोंडावर कोन हसला नाय. पन परत आला नाय."

म्हणजे माझी चूक त्यांनीच सगळ्यांना दाखवली होती. त्यांनी तो आकडा मी लिहिला त्याच अर्थाने वाचला होता. दोघांनाच तो तसा वाचता आला, मला आणि त्यांना.

"नीतानी मना सांगितला," त्या पुढे म्हणाल्या. नीता त्यांची मुलगी, उरणला दिलेली. "बोलली, आई, एक म्हंजे नापास. पप्पांना सांगूया. मी बोलली, सांगशील तर माझ्याशी गाठ हाय. मंग ते विचारायचे, सुमन, गिऱ्हाईक का येत नाय ग? मी बोलायची, सीझन नाय. तीन महिने खोटा बोलली मी. पाटीखाली बसायचे नि रस्त्याकडं बघायचे. तुमच्यावर लय राग व्हता माझा. बोलली, म्हातारी कधी भेटली तर विचारीन, काय वाकडा केला व्हता तुझा?"

"सुमनताई, मी पहिलाच नंबर दिला होता."

मग मी सगळं सांगितलं. शाळेतल्या मदर, तो चौकोन, ऐरोलीला दिलेले चार. सांगताना माझं इंग्रजी शिक्षण मला फार लाजिरवाणं वाटलं. त्यांनी मला ते दुसऱ्यांदा सांगायला लावलं, सावकाश.

"म्हंजे तुमच्या मनात एक म्हंजे पयलाच?"

"पहिलाच."

"मंग ते बोलत व्हते ते खरा व्हता."

"हो."

"नि मी त्यांना हो हो बोलायची, तो पन खोटा नव्हता."

"नव्हता."

त्या पाणी आणते म्हणून आत गेल्या आणि बऱ्याच वेळाने आल्या. पाणी आणायचं विसरल्या होत्या. मी विचारलं, ते कसे गेले? सकाळी शटर वर करताना छातीत कळ आली, म्हणाल्या. दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं होतं. मी मान खाली घातली, तेव्हा त्या म्हणाल्या, "तुमच्यामुळे गेले असा मी बोलनार नाय. तुमच्यामुळे नाय असा पन नाय बोलनार."

यापेक्षा न्यायाचं वाक्य मी माझ्या बाबतीत कधी ऐकलेलं नाही.

निघताना त्यांनी सांगितलं की दुकानातला माल आता नीताकडे आहे. "उद्या रविवार, घरी असेल ती. जा. ती बोलेल तुमाला. ऐकून घ्या."

उरण

उरणला आता गाडी जाते. पूर्वी आम्ही बसने धक्के खात जायचो. रविवारी सकाळी डबा जवळजवळ रिकामा होता. खिडकीतून आधी खाजण दिसलं, चिखलात पाय रोवलेले पांढरे पक्षी, मग एकावर एक रचलेले कंटेनर, निळे, तांबडे, मैलभर. एरवी मी तुमच्यासाठी त्यांचे फोटो काढले असते. ईरा, तू मागशील हे लक्षात होतं, पण फोन पिशवीतून काढावासा वाटला नाही.

नीताचं घर बाजारामागच्या गल्लीत, वरच्या मजल्यावर. ती एका कंटेनरच्या गोदामात कचेरीत काम करते. तिला आईचा फोन आला असणार, कारण दार उघडून तिने "या" म्हटलं आणि नाव विचारलं नाही. पुढच्या खोलीत दोन लोखंडी कपाटं होती. टेबलावर बुचं, कानस आणि शेठच्या पितळी नळ्या. तिच्या बोटांना बुचाचा भुसा लागलेला होता.

"बसा. चहा घेणार?"

"नको."

"घ्या. बिनचहाचं पाठवलं असं आईच्या कानावर गेलं तर मलाच ऐकावं लागेल."

चहा झाला, पण ती बसली नाही. कपाटाला टेकून उभी राहिली.

"आईने सांगितलं मला काल. फर्स्ट रेट वगैरे. तिला बरं वाटलं, रात्रभर रडली म्हणे, पण बरं वाटलं. माझं तसं नाही, मावशी. मी स्पष्ट बोलते."

"बोल."

"तुम्ही शिकलेल्या ना? त्या चौकोनाखाली बारीक अक्षरात लिहिलंय. एक म्हणजे वाईट, पाच म्हणजे उत्तम. मी वाचलं. तुम्ही नाही वाचलं?"

"नाही वाचलं."

"आमच्याकडे एक आकडा चुकला तर कंटेनर दुसऱ्या देशात जातो. मग सॉरी बोलून तो परत येत नाही."

मी तरीही माफी मागितली. त्यासाठीच गेले होते. तिने मान हलवली, ऐकल्याची, मान्य केल्याची नव्हे. मग मी मूर्खासारखं म्हटलं, की निषादला सांगून आता पाच देऊया.

"कोणाला पाच? पप्पांना?"

खाली गल्लीत कोणीतरी कोळंबी विकत ओरडत होतं. ती खिडकीशी गेली, भाव विचारला, "जास्त सांगतोस रे," म्हणाली आणि परत आली. तेवढ्यात तिचा आवाज थोडा उतरला होता.

"मला सगळ्यात कशाचा त्रास होतो सांगू? पप्पा मला फोन करून सांगायचे, नीता, मॅडमचा पत्ता शोध, मला थँक्यू बोलायचंय. मी बोलायचे, हो पप्पा, शोधते. मी शोधला असता तर तुम्ही त्यांना तेव्हाच सांगितलं असतं. नाही का?"

आता तीही बसली. तिला काय सांगावं? शोधला असतास तरी गिऱ्हाईक गेलं ते गेलंच असतं? ते मला ठाऊक नाही. मी एवढंच म्हटलं, "पत्ता मी द्यायला हवा होता. दर वर्षी येऊन बूच घ्यायचे, आणि निघून गेले तेव्हा सांगून गेले नाही."

"हां," ती म्हणाली. "ते पण आहेच."

उठताना मी विचारलं, हे सगळं ती का करते? ती म्हणाली, जुने लोक फोन करतात, नाही म्हणवत नाही. लहानपणी सुट्टीत पप्पांनी शिकवलं होतं, हात विसरले नाहीत. मग दारापर्यंत आली आणि म्हणाली, "नातवाला सांगा, आमचं नाव पानावरून काढून टाक. चांगलं नको, वाईट नको. नावच नको."

निषाद, तू ते त्याच संध्याकाळी काढलंस, कारण विचारलं नाहीस, याबद्दल मी तुझी आभारी आहे. प्रज्ञाला मी साताऱ्याहून फोन करून खरं काय ते सांगितलं. ती म्हणाली, "मग आजी, चौथा नंबर का दिला होतात?" मी म्हटलं, तुझ्याकडे बूच नव्हतं. आता कोणी बूच मागितलं तर ती नीताचा फोन नंबर देते. मी नीताला विचारूनच तो तिला दिला आहे.

तर आज परिस्थिती अशी आहे. नावड्याचं दुकान बंद आहे आणि ते पुन्हा उघडणार नाही. भोईरशेठ नाहीत. सुमनताई त्याच घरात राहतात, आणि आम्ही दर रविवारी फोनवर बोलायचं ठरवलं आहे. नीता माझ्याशी कामापुरतं बोलते. उरणला तिच्या पुढच्या खोलीत दोन कपाटं माल आहे, एकवीस बरण्या, नळ्यांची चार भेंडोळी आणि एक पोतं बुचं. बरणी घेऊन गेलात तर तिच्या तोंडाला बसेल असं बूच नीता अजून करून देते.

तुमची,
आज्जी